गाव वाढते, पण पालिकेची तिजोरी का वाढत नाही? खानदेशातील शहरांच्या अंदाजपत्रकाची गोष्ट

जळगावात पिंप्राळा आणि मेहरूणच्या पलीकडे, धुळ्यात देवपूर ओलांडून वलवाडीच्या दिशेने, किंवा नंदुरबार, शहादा, चाळीसगाव यांच्या कोणत्याही टोकाला गेले तरी ले-आऊटच्या पाट्या आणि निम्मी बांधून झालेली घरे दिसतात. कालपर्यंत जिथे कपाशी उभी होती तिथे आज प्लॉट पडलेले आहेत. २००१ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार होती, ती २०११ मध्ये ४ लाख ६० हजारांवर गेली. धुळे शहर त्याच वेळी पावणेचार लाखांपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण वाढ थांबलेली नाही हे सांगायला आकड्याची गरज नाही.

शहर वाढले म्हणजे पालिकेचे उत्पन्नही वाढले असणार, असा सर्वसाधारण समज असतो, आणि मग रस्त्यातला खड्डा किंवा तीन-चार दिवसांआड येणारे पाणी पाहिले की ‘एवढा पैसा जातो कुठे’ हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: शहराच्या वाढीबरोबर पालिकेचा खर्च आपोआप वाढतो, उत्पन्न मात्र आपोआप वाढत नाही. नव्या वसाहतीत एक कुटुंब राहायला आले की दुसऱ्या दिवसापासून त्याचा कचरा उचलावा लागतो, त्याला पाणी लागते, रात्री रस्त्यावर दिवा लागतो. त्या घराची नोंद घरपट्टीच्या रजिस्टरमध्ये होण्यासाठी मात्र कोणीतरी तिथे जाऊन मोजमाप घ्यावे लागते, आकारणी करावी लागते, हरकत ऐकावी लागते, बिल द्यावे लागते आणि शेवटी ते वसूल करावे लागते. या साखळीतली एक कडी जरी सुटली तरी खर्च चालू राहतो आणि जमा थांबते. खानदेशातल्या जवळजवळ प्रत्येक पालिकेची आर्थिक अडचण या अंतरात आहे.

जकात गेली, तेव्हा काय गेले

पूर्वी असे नव्हते. जकात होती तेव्हा शहरात येणाऱ्या मालाच्या प्रत्येक ट्रकमागे नाक्यावर पैसे जमा होत. जळगावच्या डाळमिलला कच्चा माल आला, सराफ बाजारात सोने आले, पाइप आणि चटईच्या कारखान्यांना प्लास्टिकचा दाणा आला की त्यातला काही भाग त्याच दिवशी पालिकेच्या तिजोरीत पडत असे. जकातीत भ्रष्टाचार होता, नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागत, व्यापारी त्रस्त होते, आणि ती जाण्याची कारणे खरी होती. पण तिचा एक गुण दुर्लक्षित राहिला: बाजारपेठ वाढली की पालिकेचे उत्पन्न त्याच वेगाने वाढत होते.

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि त्या बदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देऊ लागले. महापालिकांमध्ये जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे ज्याला सगळे एलबीटी म्हणत, तो आणण्याचा प्रयोग १ एप्रिल २०१० पासून ज्या पहिल्या शहरांत झाला त्यांत जळगाव होते. हा कर व्यापाऱ्याने आपल्या हिशेबावरून स्वतः भरायचा होता. त्यालाही मोठा विरोध झाला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. खानदेशातल्या दुकानदारांपैकी जवळजवळ सगळेच या सवलतीत आले. पुढे १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला आणि स्थानिक संस्था कर पूर्णपणे संपला.

जीएसटी केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. पालिकेचा त्यात थेट वाटा नाही. महापालिकांचे नुकसान भरून काढण्यासाठी राज्याने २०१७ मध्येच वेगळा कायदा केला, आणि त्यात २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने भरपाई देण्याची तरतूद ठेवली. ही तरतूद चांगली आहे आणि आज महापालिकांचे पगार मुख्यतः तिच्यावरच होतात. हिशेब केला तर पहिल्या वर्षी १०० रुपये मिळाले असतील तर आठ वर्षांनी सुमारे १८५ रुपये मिळतात. पण पायाभूत वर्षी ज्या शहराचा कर आधीच सवलतींमुळे आणि ढिल्या वसुलीमुळे आटलेला होता, त्याची पुढची सगळी वाढ त्या आटलेल्या आकड्यावरच मोजली जाते. शिवाय हे ८ टक्के शहरात किती उद्योग आले, किती दुकाने उघडली, किती माणसे राहायला आली यावर अवलंबून नाहीत. शहराच्या अर्थव्यवस्थेचा आणि पालिकेच्या उत्पन्नाचा जो धागा जकातीने बांधलेला होता, तो तुटला. पालिकेच्या हातात शहराच्या वाढीला जोडलेले जे मोठे साधन उरले आहे ते जमिनीचे आणि इमारतीचे, म्हणजे घरपट्टीचे.

जमिनीशी निगडित उत्पन्नाचे आणखी दोन लहान प्रवाह आहेत. बांधकाम परवानगीच्या वेळी घेतले जाणारे विकास शुल्क, आणि महापालिका हद्दीतल्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्काबरोबर आकारला जाणारा एक टक्का अधिभार, जो राज्यामार्फत पालिकेकडे येतो. हे पैसे जमिनीच्या बाजारावर चढतात-उतरतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर कायमचा खर्च उभा करणे धोक्याचे असते.

घरपट्टी: शब्द सोपा, हिशेब अवघड

घरपट्टीचा पारंपरिक हिशेब भाड्यावर चालतो. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज धरायचा, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे, आणि उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणायचे. समजा एका घराचे भाडे महिन्याला ५,००० रुपये धरले, तर वर्षाचे ६०,००० होतात, १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ५४,००० येते, आणि त्यावर सर्वसाधारण कर, वृक्षकर, अग्निशमन, जललाभ असे वेगवेगळे टक्के लागून बिल तयार होते. दुसरी पद्धत भांडवली मूल्याची, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावावर आधारलेली आहे.

वरच्या हिशेबात कळीची गोष्ट आहे ती धरलेल्या भाड्याची. समजा तेच घर पंधरा-वीस वर्षांपूर्वी महिन्याला १,००० रुपये भाड्याच्या हिशेबाने नोंदले गेले आणि नंतर फेरआकारणी झालीच नाही, तर आज त्या घरावर दुसरा मजला चढला, खाली दुकान काढले आणि ते भाड्याने दिले तरी रजिस्टरमध्ये ते १,००० रुपयांचेच घर राहते. त्याच गल्लीत गेल्या वर्षी बांधलेले छोटे घर मात्र आजच्या दराने नोंदले जाते. म्हणून बाजारपेठेतल्या जुन्या दुमजली इमारतीची घरपट्टी वाढीव वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरापेक्षा कमी असल्याची उदाहरणे आपल्या शहरांत दिसतात. करवाढ टाळली म्हणजे गरिबाला दिलासा दिला, असे सभागृहात सांगितले जाते. माझ्या मते फेरआकारणी टाळण्याचा सर्वांत मोठा लाभ जुन्या, मोक्याच्या आणि व्यापारी मालमत्तांना होतो, आणि त्याची किंमत नव्याने घर बांधणारा नोकरदार आणि ज्याच्या वस्तीत गटार पोहोचत नाही तो मजूर चुकवतो.

नगरपरिषदांच्या कायद्यात यासाठीच दर चार वर्षांनी आकारणी तपासण्याची पद्धत आहे. तिला चतुर्थ वार्षिक कर आकारणी म्हणतात. ती वेळेवर झाली तर वाढ थोडी-थोडी होते आणि लोकांना पेलते. ती दहा-बारा वर्षे लांबवली आणि मग एखाद्या खासगी एजन्सीकडून सर्वेक्षण करून एकदम बिले वाटली, तर बिल दुप्पट-तिप्पट होऊन हातात पडते, मोर्चे निघतात, आणि शेवटी वाढ स्थगित होते. खानदेशातल्या अनेक गावांनी हे चक्र पाहिले आहे. नागरिकांचा राग अशा वेळी समजण्यासारखा असतो, कारण बिलासोबत रस्ता किंवा पाणी आलेले नसते.

आणखी एक गोष्ट बिलावर लिहिलेली असूनही फारसे कोणी पाहत नाही. त्या बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिकेचा नसतो. पालिका तो राज्य सरकारसाठी वसूल करते आणि सरकारकडे भरते. त्यामुळे भरलेली सगळी रक्कम गावाच्या गटारी-रस्त्यांसाठी राहत नाही.

आकारणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. बिल थकले तर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते; वर्षाला ते २४ टक्के होतात. चार वर्षांत शास्ती जवळजवळ मूळ कराच्या बरोबरीला येते आणि मग तो माणूस भरण्याची आशाच सोडतो. त्यावर उपाय म्हणून अभय योजना आणली जाते: ठरलेल्या तारखेच्या आत मूळ रक्कम भरा, शास्ती माफ. मार्चअखेर तिजोरीत पैसे येतात हे खरे, आणि एखाद-दुसऱ्या वेळी अशी सवलत न्याय्यही असते. पण दर एक-दोन वर्षांनी अभय योजना येणार हे ठाऊक झाले की वेळेवर भरणाऱ्याला आपण फसलो असे वाटू लागते. एप्रिल-मेमध्ये पूर्ण कर भरणाऱ्याला जी सूट मिळते ती मला यापेक्षा कितीतरी योग्य वाटते.

हद्दवाढीचा खर्च

धुळे महापालिकेची हद्द २०१८ मध्ये वाढली आणि वलवाडी, महिंदळे, अवधान, नकाणे यांसारखी लगतची गावे शहरात आली. तिथल्या लोकांची तक्रार तेव्हापासून एकच आहे: ग्रामपंचायत गेली, कर वाढला, सोयी आल्या नाहीत. कायद्याने अशा गावांना संरक्षण दिलेले आहे. पहिली दोन वर्षे घरपट्टी ग्रामपंचायतीच्याच दराने घ्यायची आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने शहराच्या दरापर्यंत न्यायची. हे रहिवाशांच्या बाजूने योग्यच आहे. महापालिकेच्या बाजूने त्याचा अर्थ असा होतो की पहिल्या दिवसापासून घंटागाडी, दिवाबत्ती आणि पाणी यांची जबाबदारी पूर्ण, आणि उत्पन्न मात्र कित्येक वर्षे अपुरे. मधल्या काळाचा खर्च भरून काढण्यासाठी वेगळा निधी हद्दवाढीबरोबरच मंजूर झाला नाही, तर जुन्या शहराचे पैसे नव्या भागात पातळ होत जातात आणि शेवटी दोन्ही भाग असमाधानी राहतात.

पांझरेच्या काठावर आपल्याकडे शतकानुशतके फड बागायत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून चालवलेली सिंचनाची पद्धत, चालली. बंधाऱ्यात पाणी किती आणि पाटाची ताकद किती हे पाहून फडाची जमीन ठरलेली असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असे आणि बंधाऱ्याची डागडुजी सगळे मिळून करत. जमीन आधी जोडा आणि पाण्याचे नंतर बघू, असे तिथे कोणी केले नसते, कारण शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही तर सगळी व्यवस्था मोडली असती. शहराची हद्द ठरवताना हा हिशेब आधी मांडला जात नाही, हे मला फार खटकते.

पाण्याचाच खर्च घेऊ. जळगावला पाणी वाघूर धरणातून येते. धुळ्याला नकाणे आणि डेडरगाव तलावांबरोबर तापीवरून पंपांनी उचलून आणावे लागते. भुसावळ आणि अमळनेर पाण्यासाठी तापीवर अवलंबून आहेत. लांबून आणि चढावर आणलेल्या पाण्याचा मोठा खर्च विजेचा असतो, आणि वीज बिल थांबवता येत नाही. पाणीपट्टी मात्र बहुतेक ठिकाणी मीटरवर नसून वर्षाला ठोक रक्कम अशी आहे. ज्याच्या घरी मोटार लावून टाकी भरते आणि ज्याच्या नळाला चार हंडे येतात, ते दोघे सारखेच भरतात. योजना चालवण्याचा खर्च आणि पाणीपट्टीची वसुली यांतली तूट दरवर्षी घरपट्टीतून किंवा अनुदानातून भरली जाते, म्हणजे तेवढा रस्ता कमी होतो.

वाढीचा दुसरा प्रश्न मंजुरीशिवाय पडलेल्या प्लॉटांचा आहे. गुंठेवारीने विकत घेतलेल्या जागेवर रस्ता अरुंद, गटारीला उतार नाही, खुल्या जागेचा पत्ता नाही. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. नियमित झाल्यावर शुल्क मिळते, परंतु नंतर रस्ता रुंद करण्यासाठी जागा घ्यायची झाली तर त्या शुल्कापेक्षा कितीतरी पट खर्च येतो. विकास आराखड्यात शाळा-बागेसाठी ठेवलेल्या आरक्षणांचेही तसेच आहे: दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि पालिकेकडे मोबदल्याचे पैसे नसले की आरक्षण उठते. आराखड्यावर हिरवी दिसणारी जागा अशा रीतीने हातची जाते.

कागदावर जुळणारे अंदाजपत्रक

आता अंदाजपत्रक. महापालिकेत आयुक्त ते तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात बदल सुचवते आणि महासभा मंजूर करते. नगरपरिषदेत हे काम मुख्याधिकारी आणि सभागृह करतात. दरवर्षी बातमी येते ती ‘शिलकी अंदाजपत्रक’ अशी. कायद्याने पालिकेला उघड तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही, म्हणून शिल्लक दिसणे हे काही आरोग्याचे लक्षण मानता येत नाही.

ते कसे जुळते ते पाहा. समजा एका नगरपरिषदेची या वर्षाची घरपट्टीची मागणी ४ कोटी आहे आणि मागची थकबाकी ६ कोटी आहे. दरवर्षी प्रत्यक्षात वसूल होतात साधारण ३ कोटी. जमा बाजूला मात्र १० कोटी किंवा निदान ७-८ कोटी लिहिले जातात, कारण तेवढे येणे आहेच. त्या आकड्याच्या आधारावर खर्चाच्या बाजूला प्रत्येक प्रभागात गटारी, पेव्हर ब्लॉक, ओपन स्पेसला कंपाउंड अशी कामे मंजूर होतात. वर्षाच्या शेवटी ३ कोटीच आलेले असतात, पण कामांचे आदेश निघालेले असतात. ठेकेदाराचे बिल थकते आणि पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. या थकलेल्या देण्याला दायित्व म्हणतात. पुढच्या निविदेत ठेकेदार दर वाढवून भरतो, कारण पैसे दोन वर्षांनी मिळणार हे त्याला माहीत असते. अशा रीतीने फुगवलेली जमा बाजू शेवटी प्रत्येक काम महाग करते. म्हणून मी वसुलीच्या प्रामाणिक अंदाजाला नव्या योजनांच्या घोषणांपेक्षा जास्त महत्त्व देतो.

खर्चाच्या बाजूला मोकळीक किती असते? पगार आणि निवृत्तिवेतन आधी जाते. आस्थापनेचा खर्च ३५ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय नवी भरती मंजूर होत नाही, आणि उत्पन्न कमी असलेल्या पालिकांत तो त्याच्या वर असतो, म्हणून कर आकारणी विभागातली निरीक्षकांची, लिपिकांची पदे रिकामी राहतात. माणसे नाहीत म्हणून वसुली नाही आणि वसुली नाही म्हणून माणसे नाहीत, असा हा तिढा आहे. त्यानंतर वीज, कचऱ्याचा ठेका, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखीव, जुन्या कर्जाचे हप्ते. एवढे वजा झाल्यावर सभागृहाला स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल अशी रक्कम फार थोडी उरते.

मोठी कामे म्हणूनच केंद्र आणि राज्याच्या निधीतून होतात, आणि त्या निधीला अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला ठेवला, आणि मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करणे तसेच वसुली राज्याच्या आर्थिक वाढीच्या वेगाने वाढवणे ही अनुदानाची पूर्वअट केली. शहरांतल्या पाणी आणि मलनिस्सारणाच्या कामांसाठी असलेल्या केंद्राच्या अमृत योजनेत खर्चाचा उरलेला वाटा राज्य आणि पालिका यांनी उचलायचा असतो; अमृत २.० मध्ये एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्राकडून एक तृतीयांश रक्कम मिळते. म्हणजे मोफत योजना अशी नसतेच. जळगावकरांनी आणखी एक गोष्ट अनुभवली आहे: जलवाहिन्या आणि भुयारी गटारी यांसाठी शहरभर रस्ते खोदले गेले, आणि त्यानंतर रस्ते पूर्ववत करण्याचा खर्च हा स्वतंत्र प्रश्न होऊन बसला. योजना पूर्ण झाल्यावर ती चालवण्याचा, म्हणजे मलनिस्सारण केंद्राच्या विजेचा आणि माणसांचा खर्च, कायमचा पालिकेच्या अंदाजपत्रकात येतो. मंजुरीच्या वेळी त्याची चर्चा क्वचितच होते.

जळगावचे कर्ज आणि जळगावचे गाळे

या विषयावर खानदेशात जळगावइतका मोठा धडा दुसरा नाही. नगरपालिका असतानाच जळगावने १९८९ ते २००१ या काळात घरकुले आणि इतर योजनांसाठी हुडको या घरबांधणी आणि नागरी कामांसाठी कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून सुमारे १४१ कोटी रुपयांचे कर्ज काढले. झोपडपट्टीवासीयांना पक्की घरे द्यायची हा हेतू योग्य होता. घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराचा खटला हा वेगळा विषय आहे. इथे पाहायचे ते एवढेच की परतफेडीचा भरवसा ज्या उत्पन्नावर होता ते पुढे बदलले. २१ मार्च २००३ रोजी महापालिका झाली तेव्हा हे कर्ज तिच्या वाट्याला आले, हप्ते थकले, व्याजावर व्याज चढले, कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या आदेशाने महापालिकेची बँक खाती गोठवली जाण्यापर्यंत वेळ आली, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने एकरकमी तडजोड झाली. मधल्या वर्षांत जे रस्ते झाले नाहीत, जी पदे भरली गेली नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याही तडजोडीत येत नाही. घेतलेले कर्ज वाईटच असते असे मी म्हणत नाही. तीस वर्षे टिकणारी जलवाहिनी तीस वर्षांच्या हप्त्यांनी बांधणे शहाणपणाचे आहे, पण हप्ता कोणत्या निश्चित उत्पन्नातून जाणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेले असावे लागते.

याच शहराकडे दुसरीकडे मोठी मालमत्ता आहे. फुले मार्केटसारख्या व्यापारी संकुलांत महापालिकेचे दोन हजारांहून अधिक गाळे आहेत. त्यांतल्या बहुसंख्य गाळ्यांची कराराची मुदत २०१२ च्या सुमारास संपली, आणि नवे भाडे किती, ते कधीपासून, थकबाकीवर दंड किती, लिलाव करायचा की जुन्याच गाळेधारकांना ठेवायचे, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. कायदा सांगतो की सार्वजनिक मालमत्ता बाजारभावाने द्यावी. गाळेधारक सांगतात की आम्ही सुरुवातीला पैसे भरून ही बाजारपेठ उभी केली आणि एकदम लादलेली रक्कम धंद्याला झेपणारी नाही. दोन्हींत तथ्य आहे. करारातच दर तीन वर्षांनी ठरावीक वाढ लिहिलेली असती तर हा प्रश्न इतका चिघळला नसता. वेळेवर न केलेली फेरआकारणी घरपट्टीत जे करते तेच गाळ्यांत झाले, फक्त रक्कम मोठी होती.

उद्योग आला, तर पालिकेला काय मिळते

धुळे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवर आहे. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि तो धुळे जिल्ह्यातून जाणार आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाण्याची औद्योगिक वसाहत, जळगावच्या डाळमिल आणि चटई उद्योग, रावेर-यावलची केळी, ही सगळी वाढीची ठिकाणे आहेत. उद्योग यावेत, इथल्या मुलांना पुणे-सुरतेला जावे लागू नये, हे प्रत्येकाला वाटते आणि मलाही मनापासून वाटते. मात्र कारखान्याच्या उलाढालीवरचा कर केंद्र-राज्याकडे जातो, नफ्यावरचा आयकर केंद्राकडे जातो, आणि कारखाना पालिकेच्या हद्दीबाहेर असेल तर घरपट्टीही पालिकेला मिळत नाही. त्या कारखान्यातले कामगार राहायला येतात ते शहरातच. त्यांच्या भाड्याच्या खोल्या, त्यांची मुले, त्यांचे पाणी हा पालिकेचा भार.

भुसावळला हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. गाव रेल्वेमुळे उभे राहिले, आणि गावाच्या मोठ्या भागावर रेल्वेची मालकी आहे. राज्यघटनेच्या कलम २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर लावता येत नाही. त्याऐवजी सेवाशुल्क घेता येते, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे राजकोट महापालिकेच्या प्रकरणात त्याचे प्रमाण नोंदले गेले: पालिकेच्या सगळ्या सेवा वापरल्या जात असतील तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही वापरल्या तर ५०, आणि कोणतीच थेट सेवा घेतली नाही तरी एक तृतीयांश. हे शुल्क मिळवण्यासाठी करार करणे, मोजमाप देणे आणि पाठपुरावा करणे हे काम पालिकेलाच करावे लागते.

मग पालिकेने आर्थिक विकासासाठी काय करावे? सवलती देण्याइतका पैसा तिच्याकडे नाही आणि नसावाही. तिच्या हातात जे आहे ते साधे आहे: औद्योगिक वसाहतीपर्यंतचा रस्ता बारमाही ठेवणे, बांधकाम परवानगी ठरल्या दिवसांत देणे, आठवडे बाजाराला आणि फेरीवाल्यांना हक्काची जागा आखून देणे, अग्निशमन दल सज्ज ठेवणे, आणि शुद्ध केलेले सांडपाणी उद्योगांना विकता येईल अशी व्यवस्था उभी करणे. तापी खोऱ्यातल्या उन्हाळ्यात हे शेवटचे काम दुहेरी फायद्याचे आहे, कारण त्यात पिण्याचे पाणी वाचते आणि मलनिस्सारण केंद्र चालवण्याचा काही खर्च निघतो.

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. प्रशासकाला कर वाढवणे सोपे जाते असे काही जण मानतात, पण करवाढीला लोकांची मान्यता मिळवणे हे निवडून आलेल्या माणसाचेच काम आहे, आणि १ जून १९९३ पासून लागू झालेल्या, पालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा आधारच तो आहे.

आपल्या गावाचे अंदाजपत्रक ज्याला वाचायचे असेल त्याने चालू वर्षाच्या मोठ्या आकड्यापासून सुरुवात करू नये. आधी मागच्या वर्षाचा ‘प्रत्यक्ष जमा’ हा रकाना पाहावा आणि त्याच ओळीत त्या वर्षी मुळात किती अंदाज धरला होता ते पाहावे. दोन्हींतले अंतर हेच त्या पालिकेच्या सवयीचे माप असते. मग दायित्वाची यादी मागावी, कारण ती अंदाजपत्रकाच्या पुस्तकात बहुधा ठळक नसते. त्यानंतर पाणीपुरवठ्याची जमा आणि खर्च या दोन ओळी शेजारी ठेवाव्यात. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल माहितीच्या अधिकारात मिळतो, आणि फेरआकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी मुदत असते. त्या मुदतीत स्वतःच्या घराबरोबर आपल्या गल्लीतल्या मोठ्या व्यापारी इमारतीची नोंद कशी झाली आहे, तेही पाहता येते.